बाई, मांजर नव्हतंच

बाई, तुमच्या पुण्यानुमोदनाचं जेवण माझ्याच किचनमधून आलं. तुमच्या यजमानांचा, मिलिंदसाहेबांचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं, साहेब, हे काम दुसऱ्या कुणाला दिलंत तर तुमच्याशी बोलणं बंद. बिचारे तेवढ्यातही हसले. काल दुपारी वादी कबीरच्या हॉलमध्ये वंदना झाली, चार जण तुमच्याबद्दल बोलले, आणि मी मागे पातेल्यांपाशी उभा राहून लोकांची ताटं बघत होतो. ही सवय तुम्हीच लावलेली. तुम्ही असता तर भाषणं कशी झाली हे विचारलंच नसतं. ओढणी सावरत थेट माझ्याकडे आल्या असतात आणि म्हणाल्या असतात, "हनीफभाई, उरलं किती?"

सांगतो. पण त्याआधी दुसरं एक सांगायचं आहे. तीन वर्षं ते सांगायचं राहिलं, आणि मग तुम्हीच गेलात. आज रविवार, म्हणजे तुमचा वार. सकाळचे डबे कॅम्पांवर गेलेत, शंभू भांडी घासतोय, आणि मी तुमची ती एक पाय आखूड असलेली खुर्ची घेऊन बसलोय. ती तुम्ही मला कधी फेकू दिली नाहीत.

काल एका साहेबांनी तुम्हाला थोर संशोधक म्हटलं. क्षय, एचआयव्ही आणि मलेरिया या तिघांच्या मागे बाई आयुष्यभर हात धुऊन लागल्या होत्या, असं ते म्हणाले. बरोबर आहे. पण पहिल्याच भेटीत तुम्ही माझा डाळ वाढायचा डाव पळवलात, हे कुणीच बोललं नाही.

सहा वर्षं झाली त्याला. इथे आखातात, गाला भागात आमचं किचन गॅरेजांच्या रांगेत, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला डेंटिंगवाला, मधे आमच्या फोडणीचा ठसका. आसपासच्या लेबर कॅम्पांना दोन वेळचे डबे इथून जातात. एके सकाळी बघतो तर सुती पंजाबी ड्रेसमधली एक बाई कुणाला न विचारता शिडीवरून गच्चीवर निघालीय. मी खालून म्हटलं, "मॅडम, ऊपर कुछ नहीं है." तुम्ही वरून म्हणालात, "वही देखने आई हूँ." मग पाण्याच्या टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हुकूम आला, बडा चमचा भेजो. तुमचं पाणी काढून बघायचं भांडं म्हणे ऑफिसात राहिलं होतं. शंभूनं माझा डाव नेऊन दिला आणि तुम्ही त्यात टाकीतलं पाणी घेऊन डासांच्या अळ्या शोधायला लागलात. मला वाटलं ही दिल्लीकडची नाहीतर केरळची असणार, म्हणून मी मराठीत पुटपुटलो, "आता या डावानं डाळ कोण वाढणार, हिचा बाप?" वरून शांतपणे उत्तर आलं, "माझे बाबा नागपूरला असतात. त्यांना बोलवायला वेळ लागेल."

त्या दिवसापासून मी तुमच्या आसपास मराठीत पुटपुटणं सोडून दिलं. तुम्ही खाली उतरलात, चहा मागितलात आणि मला शिकवायला बसलात, की मलेरिया इथे आता फार राहिलेला नाही, पण गावाहून येणारा माणूस तो अंगात घेऊन येतो आणि मग एक उघडी टाकी पुरते. टाकी स्वच्छ निघाली म्हणून मी खूश होतो, तर म्हणालात, झाकणाला भेग आहे, उद्या बदला. मग गाव विचारलंत. मी म्हटलं, महाडच्या पुढे, खाडीवर. तुमचा चेहराच बदलला. तुमची आजी दर वर्षी नागपूरहून महाडच्या तळ्यावर यायची, आणि एकदा गर्दीत चुकली तेव्हा आमच्याकडच्या कुणा मुसलमान बाईनं तिला घरी नेऊन तांदळाची भाकरी खायला घातली होती. आजीनं ती भाकरी मरेपर्यंत सांगितली म्हणे. ती बाई आमच्या गावची असेलच असं नाही, पण मी तसं बोललो नाही, आणि त्या एका भाकरीच्या जोरावर तुम्ही सहा वर्षं माझ्या किचनमध्ये हक्कानं चहा प्यालात.

डब्यांचं खूळ त्याच दिवशी सुरू झालं. कॅम्पांवरून रात्रीचे डबे परत आले होते, ढीग पडला होता. तुम्ही विचारलंत, "हे कोण बघतं?" मी म्हटलं, बघायचं काय त्यात, शंभू उरलेलं काढतो आणि घासतो. तुम्ही खुर्ची उचलून शंभूपाशी गेलात. "भैया, कौन खाना छोडता है, मालूम रहता है क्या?" शंभू ओरिसाचा, मुळात कमी बोलणारा. त्यानं मानही वर केली नाही. "बारा नंबर रूम, खिडकीवाला. पंधरा दिन से आधा वापस आता है."

तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात. आठवड्याभरात त्या खिडकीवाल्याला क्षय निघाला. दोन महिने तो टॉवेल तोंडात धरून खोकत होता. खोलीतल्यांना माहीत होतं, पण मेडिकलमध्ये छातीवर डाग दिसला की हातात परतीचं तिकीट, ही धास्ती सगळ्यांनाच. "खोकला टॉवेलात लपवता येतो," तुम्ही मला म्हणालात. "भूक कशात लपवणार?"

मग वही आली. डब्यांवर खोलीचा आणि पलंगाचा नंबर आधीपासून रंगवलेला होताच. शंभूला लिहिता येत नाही, म्हणून तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गोल काढायचा. सगळं खाल्लेलं असेल तर मोकळा गोल, पाव उरलं तर पाव काळा, अर्धं उरलं तर अर्धा काळा, हातच लावला नसेल तर पूर्ण काळा. मी त्याचं बघून तुमच्या वहीत उतरवायचो, साफ, पाव, अर्धा, भरलेला. नाव कुणाचंच नाही. दर रविवारी तुम्ही येऊन वही बघायचात, आणि ज्याचा डबा दोन आठवडे अर्धा येतोय त्याच्या कॅम्पवर स्वतः जाऊन त्याच्या पलंगावर बसायचात. विचारायचात एकच, जेवलात का. तेवढा एक प्रश्न तुम्ही बंगालीत, तेलुगूत, मल्याळममध्ये आणि अरबीत पाठ केला होता. बाकी त्या भाषांमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं.

आपलं पहिलं भांडण तेव्हाच झालं. मी म्हटलं, बाई, तुम्ही मला माझ्याच माणसांची चहाडी करायला लावताय. तुम्ही चिडलात. "चहाडी अर्बाबकडे, मालकाकडे करतात हनीफभाई. मी अर्बाब आहे का?" ही वही कुठल्याही कंपनीच्या ऑफिसात जाणार नाही, असा शब्द तुम्ही दिलात आणि शेवटपर्यंत पाळलात; जे दिसेल तेच वहीत लिहीन, असा मी दिला. शब्द मोडला तो मी.

पण दुक्मची गोष्ट आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, स्वतःची फजिती सांगितली आणि माझी लपवली. तिकडे प्रोजेक्टवरच्या माणसांसाठी माझं दुसरं किचन आहे, तिथेही वही सुरू झाली होती. एका खोलीतले आठच्या आठ डबे दहा दिवस अर्धे परत यायला लागले. तुम्ही मला फोन केलात, आवाज घाबरा. "एकाच खोलीत आठ जण. हे मोठं प्रकरण आहे." एक्स-रेची गाडी, दोन माणसं, तुम्ही, मी, सहा तासांचा रस्ता, वाटेत उंटांशिवाय कुणी नाही. आठही जणांच्या छातीचे फोटो काढले, सगळे स्वच्छ. तुम्ही डोकं धरून बसलात. शेवटी त्यातला सगळ्यात वयस्कर बिहारी माणूस हात जोडून म्हणाला, "मैडम, हमको बीमारी नहीं है. दाल में मछली है." माझ्या तिथल्या आचाऱ्यानं, तो आमच्याच खाडीकडचा, चव यावी म्हणून डाळीत घरच्यासारखं सुकट घातलं होतं. ते आठही जण शाकाहारी. सुपरवायझरला सांगून थकले होते आणि खुब्जावर, इथल्या नुसत्या रोटीवर, दिवस काढत होते.

परतीच्या वाटेवर तुम्ही सिनाव गाव येईपर्यंत हसत होता. मधेच थांबायचात, माझ्याकडे बघायचात आणि पुन्हा सुरू. रविवारी वही उघडली तर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, डबा परत येण्याची कारणे, एक, आजार, दोन, हनीफभाई.

एचआयव्हीचं बोलायला मात्र मी तुम्हाला माझ्या मेसमध्ये जागा द्यायला तयार नव्हतो. मी म्हटलं, बाई, इथे माणसं जेवतात. तुम्ही म्हणालात, म्हणून तर, इथेच ती एकत्र सापडतात. एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर तुम्ही उभ्या राहिलात. माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. तुम्ही म्हणालात, पहले हँस लो, मैं रुकती हूँ. आणि खरंच हात बांधून थांबलात. हसण्याचा भर ओसरल्यावर तुम्ही बोललात ते मी पडद्यामागून ऐकलं, लाजत लाजत. हा आजार अंगाची दारं उघडून ठेवतो आणि मग क्षय आत शिरतो, तेवढं माझ्याही डोक्यात राहिलं. सगळे गेल्यावर एक जण मागे रेंगाळला. तुम्ही कांद्याच्या पोत्यावर बसून त्याच्याशी तासभर बोललात. नंतर मी जरा खोदून विचारलं, तर म्हणालात, "कांद्याबद्दल विचारत होता." पुढे इतक्या वर्षांत तुम्ही त्या माणसाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. गुपित कसं ठेवायचं ते तुम्हाला येत होतं, बाई. मी ठेवलं ते भलतंच.

आता दाऊदचाचांवर येतो.

किचनमधल्या माणसांनीही डब्यातच जेवायचं, हा तुमचा नियम होता. आम्ही आपले पातेल्यातून वाढून घ्यायचो, तर म्हणालात, मोजता येत नाही तोच माणूस मला हवा असतो. चाचांच्या डब्यावर क रंगवला. दाऊदचाचा आमच्या गावचे, माझे मोठे आचारी. कांदा किती परतायचा हे मला त्यांनीच शिकवलं. पोट असं, की एप्रनची नाडी मागे जेमतेम गाठ मारण्यापुरती उरायची. तीन वर्षांपूर्वी शंभूच्या कागदावर क चा गोल अर्धा काळा दिसला. दुसऱ्या दिवशीही अर्धा. आठवडा झाला तेव्हा मी चाचांना आट्याच्या पोत्यांआड नेलं. ते म्हणाले, "हनीफ, ईदीनंतर पोरीचं लगीन हाय. तवर गप ऱ्हा. मला काय झालेलं नाय."

पोरीच्या लग्नाचं निमित्त झालं, बाई. भीती खरी माझी होती. आचाऱ्यालाच क्षय म्हटल्यावर किचन बंद, कॅम्प गेले, गाल्यात तोंड दाखवायची सोय नाही. मी वहीत लिहिलं, क, साफ. दुसऱ्या दिवशी पुन्हा साफ. असे सात आठवडे. शंभू खाली बसून खरे गोल काढत होता, मी वर बसून ते खोटे करत होतो, आणि रविवारी तुम्ही त्यावर बोट फिरवून म्हणायचात, "चाचांची भूक बघा, शाब्बास."

तुम्ही पकडलंत ते वहीशिवाय. एका रविवारी चहाचा कप घेऊन उभ्या होता आणि सहज म्हणालात, "चाचा, नाडी पुढे कधीपासून बांधायला लागलात?" मी बघितलं. ती नाडी मागून फिरून पुढे आली होती आणि पोटावर तिची गाठ होती. रोज त्या माणसाच्या शेजारी उभा राहणारा मी, मला ती दिसली नव्हती. किंवा मी बघितली नव्हती.

चाचांना क्षय निघाला. किचन आठ दिवस बंद राहिलं, सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले, आणि आणखी एकाला निघाला. शंभूला. चाचांच्या शेजारी बसून रोज भांडी घासणारा माणूस. दोघांची औषधं इथेच सुरू झाली. तुम्ही कुणाकुणाला फोन केले, कुठे कुठे भांडलात ते मला पूर्ण कधीच कळलं नाही, पण शंभूची नोकरी राहिली आणि चाचा धोका संपल्यावर गावी गेले, तालुक्याच्या दवाखान्याला तुमची चिठ्ठी घेऊन. मुलीच्या लग्नात ते स्वतः बिर्याणीपाशी उभे होते. कोर्स संपेपर्यंत दर आठवड्याला तुमचा फोन, गोळी घेतली का, जेवलात का. चाचा आता ठणठणीत आहेत, पोटही परत आलंय. मी मेलो नाही, किचन बुडालं नाही, कॅम्पवाल्यांनी आठ दिवस दुसरीकडून जेवण घेतलं आणि मग म्हणाले, हनीफचीच डाळ बरी. ज्याची मला भीती होती त्यातलं काहीही झालं नाही.

शंभू दवाखान्यातून परत आला त्या दिवशी त्यानं मला एकच विचारलं. "अर्बाब, मैंने गोला ठीक बनाया था ना?" मी म्हटलं, हाँ, ठीक बनाया था. तो समाधानानं कामाला लागला.

आणि तुम्ही मला विचारलंत, "हनीफभाई, सात आठवडे वहीत साफ कसं?" तुमच्या डोळ्यांत संशय असता तर मी कदाचित बोललो असतो. पण तुम्हाला खरंच कोडं पडलं होतं. मी म्हटलं, चाचा उरलेलं मांजराला घालत असतील.

झालं. त्या मांजरानं तुमचा पिच्छा सोडला नाही. तुम्ही वहीत नवा रकाना पाडलात, कॅम्पजवळ मांजर आहे किंवा नाही. आमच्या मागच्या दारी चार मांजरं आहेत, ती तुम्ही मोजलीत, त्यांचे फोटो काढलेत. त्यातल्या एका लठ्ठ बोक्याचं नाव पुरावा ठेवलंत. मी पोट धरून हसायचो आणि वहीकडे बघायचं टाळायचो. एका शिकलेल्या बाईच्या संशोधनात मी मांजर सोडलं होतं, आणि ती ते दूध घालून पोसत होती.

तीन वर्षं आपलं भांडण तेच. तुम्ही म्हणायचात, माणूस डबा मांजरापुढे रिकामा करू शकतो, मग या पद्धतीवर भरवसा कसा ठेवायचा, मी हे जगाला कुठल्या तोंडानं सांगू. मी म्हणायचो, बाई, एका मांजरासाठी एवढं काय मनाला लावून घेताय. एकदा तुम्ही कप खाली आपटलात. "त्या एका माणसामुळे शंभूला लागण झाली. माझ्या वहीनं त्याला वेळेत पकडलं नाही. हे मी मनाला लावायचं नाही?"

दोष माझा होता आणि तो तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होता. हे दिसत असताना मी गप्प बसलो. खोटं लिहिल्याची मला लाज वाटते, पण या गप्प बसण्याची त्याहून जास्त वाटते.

तुमचा शेवटचा फोन सोमवारी आला. "रविवारी येते. मांजराचा निकाल लावून टाकू. पद्धत भरवशाची नाही असं लिहिते आणि मोकळी होते." तुम्ही हसून म्हणालात, पण आवाज थकलेला होता. रविवारी सांगायचंच असं मी तेव्हा ठरवलं. असं आता म्हणणं सोपं आहे, हेही मला कळतं. बुधवारी मिलिंदसाहेबांचा फोन आला, की तुम्ही गेलात.

मग कळलं की तुमची लेक मैत्रेयी आणि तुमच्या ऑफिसातली माणसं तुमचं काम पूर्ण करणार आहेत, आणि शेवटी तेच वाक्य घालणार आहेत, पद्धत भरवशाची नाही. वही न्यायला मैत्रेयी पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझ्याकडे येणार होती. मी गप्प बसलो असतो तर डब्यांचं सगळं काम तुमच्याबरोबरच संपलं असतं.

मी आधी गावी फोन लावला. चाचा ऐकून घेत म्हणाले, "सांग. बाईनी मला जगवलान आणि आपण तिला मांजराच्या मागे लावलं. सांगून टाक." मग शंभूला सांगितलं. ते जड गेलं. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "मतलब मेरा गोला ठीक था." दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, चहाही घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं त्याच्या पलंगाखालून पत्र्याचे बिस्किटांचे मोठे डबे ओढून काढले. आत कॅलेंडरचे कागद, पहिल्या दिवसापासूनचे, गुंडाळून दोऱ्यानं बांधलेले. "मैडम ने बोला था, फेंकना नहीं." तुम्ही ते त्याला ठेवायला सांगितले होते, पण मागितले कधीच नाहीत, बाई. माझ्या वहीवर तुमचा भरवसा होता.

काल जेवणं आटोपत आली तेव्हा मैत्रेयी मागे आली. पांढऱ्या साडीत तुमच्यासारखी दिसत होती, फक्त साडी तिला सांभाळता येत नव्हती. "काका, आईचं ते नोटबुक... वही आणली आहे?" मी वही दिली, बिस्किटांचे डबे दिले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि कागद उलगडायला लागली. तुमची मुलगी खरी, आधी माझ्याशी भांडली नाही, आधी क शोधला.

"हाफ," ती बोट ठेवत म्हणाली. "हाफ. हाफ. काका, हे सेवन वीक्स आहेत?"

"सात आठवडे."

"म्हणजे आईला दुसऱ्या वीकमध्येच कळलं असतं."

"कळलं असतं."

"म्हणजे मेथड काम करत होती."

"पहिल्या दिवसापासून."

तिनं कागद मांडीवर ठेवला. "आई रडली होती, काका. शंभूअंकलसाठी. मी बघितलं." मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "हे आईच्या रिसर्च पेपरमध्ये लिहावं लागेल. तुमचं नाव नाही. बट लिहावं लागेल, की ज्यांनी वही ठेवली, त्यांनी..." तिला शब्द सुचेना. नेहमीप्रमाणे ती इंग्रजीत वळेल असं मला वाटलं, पण ती थांबून राहिली.

"खोटं लिहिलं," मी म्हटलं. "लिही."

तेवढ्यात शंभू एक ताट घेऊन आला आणि तिच्यासमोर धरलं. तिचंच ताट होतं. कुणीतरी आग्रहानं वाढून दिलेलं आणि तिनं तसंच खिडकीत ठेवलेलं. "बेबी का पूरा गोला काला है," तो म्हणाला. मैत्रेयी हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं ताट मांडीवर घेतलं. आम्ही दोघं तिच्यासमोर उभे राहिलो, तुम्ही राहायचात तसे, आणि ती जेवली.

तर आता तुमचं उत्तर, बाई. उरलं किती? भाताचं पातेलं रिकामं झालं. तुमच्या नागपुरी पद्धतीचा रस्सा मी मुद्दाम तिखट केला होता, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळं तुमच्यासाठी नव्हतं, पण तोही संपला. पुरावा इथे दाराशी बसलाय, त्याला तुमच्याकडून येणारं दूध बंद झाल्याचं अजून कळलेलं नाही. उद्यापासून ते मी घालणार आहे, कारण झाल्या प्रकारात त्याचा काहीच दोष नव्हता.

काल जेवून झाल्यावर मैत्रेयीनं ताट खाली ठेवलं, वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. ती जेवली याचाच मला इतका आनंद झाला होता, की हात आपसूक साफ लिहायला निघाला होता. मग मी वाकून ताटात नीट बघितलं. अर्धी पोळी होती आणि कडेला थोडा भात.

पाव ताट उरलं, बाई. तेवढंच लिहिलंय.